रुमाल कुणाचा?

संगणकाची नेहमीची तक्रार असते ती फाइल सापडत नाही म्हणून. गिट नावाचं सॉफ्टवेअर मात्र कधीकधी फाइल सापडली म्हणून अडून बसतं. ‘फेटल’ अशी अशुभ सुरुवात करून ते सांगतं, की डॉट-गिट या फोल्डरात ‘इंडेक्स.लॉक’ नावाची फाइल तयार करता येत नाही. का, तर ती तिथे आधीच आहे. पुढे बराच मजकूर येतो. या रिपॉझिटरीत गिटची दुसरी प्रोसेस चालू असावी. कमिटचा मजकूर लिहायला उघडलेला एखादा एडिटर तसाच राहिला असेल. सगळ्या प्रोसेस बंद झाल्याची खात्री करा आणि पुन्हा प्रयत्न करा. तरीही अडलं, तर आधीची एखादी प्रोसेस मध्येच कोसळली असेल, मग ती फाइल हाताने काढून टाका.

गिटच्या एकूण तुटक स्वभावाच्या मानाने हे भाषण लांबलचक आणि जवळजवळ प्रेमळ आहे. प्रोग्रामर मंडळी मात्र त्यातलं फक्त शेवटचं वाक्य वाचतात. खात्री करा, थांबा, पुन्हा पाहा, हा भाग नजरेखालून गेला तरी मेंदूपर्यंत जात नाही. बोटं थेट फाइल उडवायची आज्ञा लिहून मोकळी होतात आणि काम पुढे सुरू होतं. बहुतेक वेळा काही बिघडतही नाही, आणि ही सवय पक्की होते ती त्यामुळेच.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं, तर दहा-वीस किंवा दहा-वीस हजार माणसं एकाच प्रोग्रामच्या फायलींवर काम करतात, तेव्हा कुणी कधी काय बदललं याची वही ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. गिट त्यातलंच एक. ही वही एका वेळी एकानेच लिहावी, नाहीतर दोघांच्या ओळी एकमेकींत मिसळतील, म्हणून कुलूप. कुलूप म्हटल्यावर डोळ्यांपुढे लोखंड, किल्ली आणि अलिगढ येतं. इथे तसलं काहीच नसतं.

एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरायची पद्धत ज्याने काढली, त्याने फाइल लॉकिंगचा सिद्धान्त संगणकाच्या आधीच मांडून ठेवला होता. रुमालात कुणाला अडवायची ताकद नसते. तो उचलून कोणीही बसू शकतो. तो चालतो तो फक्त बाकीचे प्रवासी त्याला मानतात म्हणून. गिटची लॉक फाइलही तेवढीच दुबळी आहे. गिट तिला मान देतं. दुसरं एखादं सॉफ्टवेअर तिच्याकडे ढुंकूनही न पाहता शेजारच्या फायलीत वाट्टेल ते लिहू शकतं. दोन खिडक्यांतून एकाच क्षणी दोन रुमाल पडले तर? एसटीत भांडण होतं. संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम हमी देते, की ‘नसेल तरच तयार कर’ अशा अटीने दोघांनी फाइल मागितली तर ती एकालाच मिळेल. ही हमी आहे म्हणूनच एक साधी फाइल कुलपाचं काम करते.

गिटने यात आपली एक करामत घातली आहे. पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे वहीतल्या पुढच्या नोंदीत, काय काय जाणार याची यादी ‘इंडेक्स’ नावाच्या फाइलीत असते. यादी बदलायची झाली, की गिट जुन्या फाइलीला हात लावत नाही. नवी यादी ते त्या लॉक फाइलीतच लिहितं आणि लिहून पुरी झाली, की तिचं नाव बदलून ‘इंडेक्स’ करतं. मध्येच वीज गेली तरी जुनी यादी शाबूत राहते. डोकेबाज रचना आहे, यात वाद नाही. पण तिची एक किंमतही आहे. त्या फाइलीत यादी लिहायची असल्यामुळे ‘ही कुणी ठेवली’ हे लिहायला तिच्यात जागाच उरत नाही. वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी संपली, कुणी कंट्रोल-सीऐवजी सरळ खिडकीच बंद केली, की प्रवासी स्टँडवर उतरून घरी पोचलेला आणि रुमाल सीटवर तसाच. त्यावर नावही नाही.

इतरांनी ही सोय केली आहे. 2005 सालीच, गिटच्या बरोबरीने जन्मलेल्या मर्क्युरिअलमध्ये लॉक म्हणजे संगणकाचं नाव आणि प्रोसेसचा क्रमांक. आपण अडलो तर ते ‘अमुक यंत्रावरच्या अमुक क्रमांकाने धरलेल्या कुलपाची वाट पाहतो आहे’ असं सांगून मुळात दहा मिनिटं शांतपणे थांबतं. ईमॅक्स हा जुना एडिटर तर त्याहून स्पष्टवक्ता. एकाच फाइलीवर दुसरा माणूस बसला, की तो पहिल्याचं नाव सांगतो आणि विचारतो: हिसकावून घेणार, तसंच पुढे रेटणार, की मुकाट्याने निघून जाणार? तिन्ही पर्यायांना एकेक अक्षर. माणसाच्या स्वभावाचं इतकं नेमकं वर्गीकरण एका एडिटरात सापडावं, हे कौतुकास्पद आहे.

मग तो नाव नसलेला रुमाल कुणाचा असतो? संशयित ठरलेले आहेत. पहिला संशयित स्वतः तक्रारदार. कमिटचा मजकूर लिहायला व्हिम उघडलेलं असतं, मध्ये चहाची हाक येते, परत आल्यावर मंडळी दुसरीच टर्मिनल खिडकी उघडतात आणि गिटने आपल्याला अडवलं म्हणून रागावतात. (व्हिममधून बाहेर कसं पडायचं हे ठाऊक नसल्यामुळे पहिली खिडकी उघडी राहिली असेल, तर तो वेगळा आणि जुना आजार आहे.)

दुसरा संशयित हा मदतनीस असतो. आजकालचे एडिटर कोपऱ्यात ब्रांचचं, म्हणजे कामाच्या चालू फांदीचं, नाव, बदललेल्या फायलींचा आकडा वगैरे दाखवतात. त्यासाठी ते पडद्यामागे सारखं ‘गिट स्टेटस’ चालवत असतात. स्टेटस म्हणजे नुसतं पाहणं, त्यात कुलूप कशाला, असं कुणालाही वाटेल. पण गिट पाहता पाहता थोडी आवराआवरही करून घेतं. फायलींच्या वेळा-तारखांची नोंद ताजी करून ती यादीत लिहून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी पाहणं लवकर होईल. लिहायचं म्हणजे लॉक आलं. तेवढ्यात माणसाने कमिट केलं, की दोघांची टक्कर. 2017 साली आलेल्या गिट 2.15 मध्ये यावर एक पर्याय आला: ‘ऐच्छिक कुलपं घेऊ नकोस’ असं गिटला सांगायची सोय. म्हणजे बघ, पण आवरू नकोस. ज्यांच्या टेबलावरचे कागद घरच्यांनी कधी ‘नीट’ लावून ठेवले आहेत, त्यांना ही सोय का लागली ते समजावून सांगायला नको.

तिसरा संशयित खरोखर मेलेली प्रोसेस. तेव्हा फाइल उडवणं योग्यच. आणि समजा चुकून जिवंत प्रोसेसची फाइल उडवली, तर काय होतं? दोघं एकाच यादीवर लिहितात, कुणाची तरी नोंद गळते, क्वचित यादीच बिघडते. पण यादी पुन्हा बनवता येते: बिघडलेली फाइल काढायची आणि ‘गिट रीसेट’ चालवायचं. मूळ फायली, आधीचे कमिट सगळं जागच्या जागी असतं. शिक्षा इतकी सौम्य असल्यावर गुन्हेगार कशाला सुधारतील?

गिटमध्ये कुलपाचं नाव घेऊन येणारी, पण कुलपाशी संबंध नसलेलीही एक चूक आहे, आणि नवख्या माणसाची संध्याकाळ घालवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. ‘कॅनॉट लॉक रेफ’ असा संदेश येतो. बिचारा माणूस लॉक फायली शोधत सुटतो. एकही सापडत नाही. घडलेलं असतं ते असं: टीममधल्या कुणीतरी पूर्वी ‘फीचर’ या नावाची ब्रांच काढलेली असते. आता दुसऱ्याने ‘फीचर/लॉगिन’ अशी ब्रांच काढली. गिट ब्रांचची नावं साध्या फायली-फोल्डरांत ठेवत आलं आहे. त्यामुळे ‘फीचर’ ही फाइलही हवी आणि त्याच नावाचं फोल्डरही हवं, असा पेच पडतो. जुनी ब्रांच सर्व्हरवरून काढून टाकलेली असली, तरी तिची आठवण प्रत्येकाच्या लॅपटॉपवर शिल्लक असते. ‘फेच’ करताना ‘प्रून’ सांगितलं, की ती झडते आणि प्रश्न मिटतो. पण संदेशात ‘लॉक’ हा शब्द असल्यामुळे सगळे तपासाला भलत्याच वस्तीत गेलेले असतात. याच फायलींच्या रचनेमुळे गिटमध्ये कुठल्याही ब्रांचचं नाव ‘.लॉक’ने संपू शकत नाही. तसा स्पष्ट नियमच आहे. कुणीतरी तसं नाव ठेवून पाहिल्याशिवाय असे नियम बनत नाहीत, अशी दाट शंका येते.

हे सगळं आजचं. कुलपांचा सुवर्णकाळ याच्या बराच आधीचा. 1972 साली बेल लॅब्जमध्ये मार्क रोचकाइंड यांनी एससीसीएस हे व्हर्जन कंट्रोल लिहायला घेतलं, आधी आयबीएमच्या मोठ्या यंत्रावर स्नोबॉल भाषेत, मग युनिक्ससाठी सीमध्ये. मग 1982 च्या सुमाराला अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांचं आरसीएस आलं. या दोघांत नियम सरळ होता: फाइल बदलायची तर ती आपल्या नावावर घ्या, काम झालं की परत करा, तोवर इतरांनी नुसती वाचावी. त्यात संशोधनाचा भाग मोठा होता, पण शिस्त वाचनालयातली.

आरसीएसमध्ये दुसऱ्याचं कुलूप तोडता येत असे, आणि ते तोडण्याची रीत मोठी सुसंस्कृत होती. तोडणाऱ्याला प्रोग्राम विचारायचा, की का तोडता आहात ते लिहा. कारण लिहून झालं, की एका ओळीत नुसता पूर्णविराम द्यायचा. मग तो मजकूर टपालाने मूळ मालकाकडे रवाना. म्हणजे माणूस सुट्टीवरून परत आला, की त्याला पत्रपेटीत आधी आपल्या घरफोडीची बातमी मिळायची, तीही फोडणाऱ्याच्या हस्ताक्षरात. आजच्या कुठल्याही ‘फोर्स’ बटनापेक्षा हे बरं होतं. कारण लिहावं लागतं म्हटल्यावर निम्मे लोक तोडण्याऐवजी फोन करत असतील.

नेदरलँड्समध्ये डिक ग्रून यांना या शिस्तीचा जाच झाला. ॲमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठात 1984-85 मध्ये ते दोन विद्यार्थ्यांसह एका सी कंपायलरवर काम करत होते. एक विद्यार्थी वेळेवर येऊन वेळेवर जाणारा, दुसऱ्याच्या येण्याजाण्याचा नेम नाही, आणि स्वतः ग्रून यांना फक्त संध्याकाळ मोकळी. एकाने सकाळी फाइल नावावर घेतली, की दुसऱ्याची रात्र वाया. तिघांची वेळापत्रकं जुळवण्यापेक्षा त्यांनी शेल स्क्रिप्टांचा एक गठ्ठा लिहिला, ज्यात कुणीच फाइल अडवायची नाही. सगळ्यांनी आपापल्या प्रतीवर काम करायचं आणि नंतर जुळवाजुळव करायची. 1986 साली त्यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला. तेच सीव्हीएस. वेळापत्रकाच्या भांडणातून निघालेल्या या कल्पनेवर पुढे निम्मं इंटरनेट लिहिलं गेलं, हे व्यवस्थापनाच्या पुस्तकांत यायला हरकत नाही.

गंमत अशी, की माणसांची कुलपं काढणाऱ्या सीव्हीएसला स्वतःसाठी मात्र कुलपं लागली. सर्व्हरवर लिहिताना ते फोल्डरात ‘#’ या चिन्हाने सुरू होणाऱ्या फायली ठेवायचं. कुणाचं कनेक्शन मध्येच तुटलं, की त्या तशाच राहायच्या, आणि बाकीच्यांच्या पडद्यावर दर तीस सेकंदांनी एकच ओळ उमटायची: अमुक माणसाच्या कुलपाची वाट पाहतो आहे. पुन्हा तीस सेकंद. पुन्हा तेच. त्या अमुक माणसाला यातलं काहीच माहीत नसायचं. त्याच्या मते त्याचं नेट गेलं होतं, एवढंच. मग सर्व्हरवर शिरायची परवानगी असलेला एकमेव गृहस्थ शोधायचा आणि त्याच्याकडून फायली झाडून घ्यायच्या.

पुण्यातल्या आयटीवाल्यांच्या एका पिढीला मात्र कुलूप म्हटलं, की आठवतं व्हिज्युअल सोर्ससेफ. वन ट्री नावाच्या छोट्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टने 1994 साली विकत घेतलं आणि 2005 च्या आवृत्तीनंतर त्याची नवी आवृत्ती काढली नाही. त्यात एका फाइलीवर एका वेळी एकच माणूस, ही मूळची रीत. फाइलीपुढे लाल बरोबरची खूण आणि शेजारी नाव. त्या काळात क्यूबिकलच्या भिंतीवरून मान वर काढून ‘अरे, कोणी चेक-आउट केलंय ते? सोड ना जरा, दोनच ओळी टाकायच्यात!’ ही आरोळी दिवसातून कितीदा तरी ऐकू येई. दोनच ओळी टाकणाराही मग ती फाइल संध्याकाळपर्यंत सोडत नसे.

टीम पुण्यात आणि न्यू जर्सीत अशी विभागलेली असली, की मजा आणखी. तिथला माणूस संध्याकाळी सहा वाजता फाइल नावावर ठेवून घरी जातो, तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन-साडेचार. इथली मंडळी सकाळी कंपनीच्या बसमधून हिंजवडीत उतरतात, तेव्हा तिथे मध्यरात्र. फोन करावा तर झोपमोड, न करावा तर दिवस फुकट. आणि ही अडचण दोन्ही बाजूंनी लागू. गौरी-गणपतीला फाइल नावावर ठेवून कोकणात गेलेल्या माणसाबद्दल तिकडच्या मॅनेजरला काय सांगायचं? गावात रेंज नाही, हे इंग्रजीत कितीही नीट लिहिलं तरी बहाणाच वाटतं. शेवटी ॲडमिनचा पासवर्ड ज्याच्याकडे तो ‘अनडू चेक-आउट’ करायचा, आणि विसर्जनानंतर परतलेल्या माणसाचं तीन दिवसांचं काम त्याच्या एकट्याच्या यंत्रावर अनाथ होऊन पडायचं.

सबव्हर्जनचे लेखक या अनुभवांतून शिकलेले होते. सीव्हीएसची जागा घ्यायलाच ते निघाले होते, 1.0 आवृत्ती 2004 मध्ये आली. त्यांनी आपल्या पुस्तकात हॅरी आणि सॅली अशी दोन पात्रं योजली आहेत. कुलपाचे तोटे समजावताना लेखक हॅरीला फाइल अडवायला लावून सरळ सुट्टीवर पाठवतात. हॅरी कोकणात गेला नसणार, पण बाकी कथानक ओळखीचं आहे. इतकं सगळं समजावून झाल्यावर मे 2005 च्या 1.2 आवृत्तीत त्यांनी कुलपांची सोय केलीच. चित्रं, आवाज, एक्सेलची शीटं यांची जुळवाजुळव करता येत नाही. दोघांनी एकाच चित्रात दोन बदल केले तर एकाचं चित्र टाकूनच द्यावं लागतं.

परिणामी सबव्हर्जनमध्ये ‘लॉक’ या एका शब्दाचे तीन अर्थ झाले आणि पुस्तकात त्यांचा खुलासा स्वतंत्रपणे द्यावा लागला. एक, माणसाने मुद्दाम घातलेलं कुलूप. दोन, आपल्याच यंत्रावरच्या प्रतीत सॉफ्टवेअरने काम करताना घातलेलं. तीन, सर्व्हरवरच्या डेटाबेसचं आतलं. स्टेटसच्या ओळीत त्यांची अक्षरंही वेगळी: आपल्या कुलपाला के, दुसऱ्याच्या कुलपाला ओ, आपलं कुणी हिसकावलं असेल तर टी, नुसतंच फोडलं असेल तर बी. चोरी आणि घरफोडी यांत भेद करणारी दुसरी संहिता म्हणजे थेट फौजदारी कायदाच.

बहुसंख्य लोकांना त्रास व्हायचा तो दुसऱ्या प्रकाराचा. ‘वर्किंग कॉपी लॉक्ड आहे, क्लीनअप चालवा.’ अपडेट चालू असताना नेट गेलं किंवा कोणी ‘कॅन्सल’ दाबलं, की हा संदेश. तिथे दुसरा कोणी माणूस नसतोच. आपणच आपल्या वाटेत उभे असतो. क्लीनअप अर्धवट राहिलेलं काम उरकतं आणि कुलूप काढतं. बहुधा. कधीकधी क्लीनअप चालवल्यावर उत्तर येतं, की आधीचं काम अपुरं राहिलं आहे, तेव्हा क्लीनअप चालवा. सरकारी कचेरीत ज्यांनी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर आणि तिथून पुन्हा पहिल्या खिडकीवर वाऱ्या केल्या आहेत, ते इथे घाबरत नाहीत. बाकीचे लोक सगळं फोल्डर बाजूला ठेवून नवी प्रत उतरवून घेतात आणि आपले बदल हाताने त्यात घालतात. वेळखाऊ, पण यात पराभवाखेरीज कसलाही धोका नाही.

आतापर्यंतची सगळी कुलपं रुमालछाप होती. विंडोजवर मात्र खरं कुलूप भेटतं. एखाद्या प्रोग्रामने फाइल उघडताना ‘मी आहे तोवर हिला कुणी हात लावायचा नाही’ असं सांगितलं, तर विंडोज ते तंतोतंत पाळतं. ही परंपरा 1984 सालच्या डॉस 3.0 बरोबर आलेल्या ‘शेअर’ या प्रोग्रामपासूनची. युनिक्सच्या घरात उलट मोकळेपणा: कुणी वाचत असलेली फाइलही खुशाल पुसता येते. तिचं नाव यादीतून जातं, मजकूर मात्र शेवटचा वाचक उठेपर्यंत डिस्कवर राहतो. त्यातून वेगळाच घोळ होतो: डिस्क भरलेली, पण भरणारी फाइल कुठेच दिसत नाही. मग कुठल्या प्रोसेसने काय उघडलं आहे हे दाखवणारी ‘एलएसओएफ’ ही आज्ञा कामी येते. ती व्हिक्टर अबेल यांनी लिहिली, आणि योगायोग असा, की तेही पर्ड्यूचेच. कुलूपही तिथलं आणि कुलूप कुणाकडे आहे हे शोधणारा पंचही तिथलाच.

विंडोजवर गिट, सबव्हर्जन किंवा काहीही वापरणाऱ्याला मात्र रोज एक वाक्य भेटतं: ही फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे. कुठल्या, ते बऱ्याचदा सांगत नाही. विंडोजला ते माहीत असतं. कुलूप त्यानेच तर घातलं आहे. माहिती असून न सांगण्याची ही तऱ्हा सोसायटीच्या सेक्रेटरींमध्येही आढळते. ते नाव काढून घ्यायला मार्क रसिनोविच यांचं प्रोसेस एक्सप्लोरर लागतं. त्यात शोधायच्या चौकटीत फाइलीचं नाव टाकलं, की धरून बसलेल्या प्रोग्रामांची यादी येते. हे इतकं उपयोगी पडलं, की 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने रसिनोविच यांची कंपनीच विकत घेतली. 2022 पासून पॉवरटॉइज या संचातही ‘फाइल लॉकस्मिथ’ आहे; फाइलीवर उजवी क्लिक केली, की धरणाऱ्याचं नाव हजर.

आणि ते नाव बहुधा लाजिरवाणं निघतं. अँटिव्हायरस नुकत्याच जन्मलेल्या फाइलीची झडती घेत असतो. विंडोजचं शोधयंत्र ती वाचून ठेवत असतं. सबव्हर्जन वापरायचं टॉर्टॉइजएसव्हीएन फायलींवर हिरव्या-लाल खुणा दाखवतं, त्या खुणांसाठी पडद्यामागे राबणारा त्याचाच मदतनीस प्रोग्राम फोल्डर धरून बसलेला असतो. वनड्राइव्ह इंडेक्सची प्रत ढगात पाठवत असतं, कारण कुणीतरी सगळा प्रोजेक्ट ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवलेला असतो आणि ते फोल्डर परस्पर वनड्राइव्हला जोडलेलं असतं. व्हिज्युअल स्टुडिओ 2022 स्वतःच्या शोधासाठी लपलेल्या फोल्डरात फायली बनवतं, त्या धरून ठेवतं आणि ‘गिट ॲड’ म्हटलं, की गिटला परवानगी नाकारली जाते. उपाय साधा: ते फोल्डर गिटइग्नोरमध्ये टाकायचं. अँटिव्हायरसला कोडच्या फोल्डरातून सूट द्यायची, प्रोजेक्ट वनड्राइव्हबाहेर हलवायचा, एवढ्यावर निम्मी दुखणी थांबतात. अर्थात कंपनीच्या लॅपटॉपवर अँटिव्हायरसला सूट द्यायची तर तिकीट टाकावं लागतं, त्याला तीन मंजुऱ्या लागतात, आणि तोवर रीस्टार्ट हाच उपाय. रीस्टार्टने सगळे रुमाल वाऱ्यावर उडतात, असा समज आहे. विंडोजची कुलपं उडतात, हे खरं, गिटची इंडेक्स.लॉक मात्र साधी फाइल असल्यामुळे ती रीस्टार्टनंतरही तशीच बसून असते. यंत्र तीनदा बंद-चालू करून हताश झालेला माणूस दिसला, की त्याने हा फरक ऐकलेला नाही असं समजावं.

विंडोजवरच्या गिटचा सगळ्यात रंगलेला प्रयोग मात्र ‘जीसी’, म्हणजे साफसफाईचा. गिटच्या साठ्यातल्या सुट्या वस्तू (‘ऑब्जेक्ट’) मुळात ठरलेल्या 6700 च्या पुढे गेल्या, की गिट आपण होऊन आवराआवर काढतं. वस्तू ठेवलेल्या फोल्डरांना शून्य-शून्यपासून एफ-एफपर्यंत नावं असतात, सोळा गुणिले सोळा, एकूण 256. कोणीतरी ती धरून बसलेलं असलं, की गिट विचारतं: हे फोल्डर काढता आलं नाही, पुन्हा प्रयत्न करू? वाय की एन? ‘वाय’ म्हटलं तर लगेच पुन्हा तोच प्रश्न. ‘एन’ म्हटलं तर पुढचं फोल्डर, आणि तोच प्रश्न. सौजन्यशील माणसं पहिल्या पाच-सहा वेळा खरोखर विचार करून उत्तर देतात. पुढे ‘एन’ आणि एंटर यांचा ठेका धरतात. मध्येच चुकून ‘वाय’ लागलं, तर ताल तुटतो. अनुभवी मंडळी युनिक्सची ‘यस’ नावाची एक जुनी आज्ञा वापरतात. तिचं काम सतत ‘हो’ म्हणत राहणं. तिला सांगायचं, की ‘एन’ म्हणत राहा, आणि तिचं तोंड गिटच्या कानाशी जोडून द्यायचं. सतत नकार देण्यासाठी ‘यस’ला कामावर ठेवण्याची ही युक्ती ज्याला सुचली, त्याने नक्कीच कधीतरी वधू-वर मंडळात काम केलं असणार.

एवढं सगळं होऊनही कुलपांचं राज्य गेलं असं वाटू लागलं होतं, तेवढ्यात खेळ बनवणाऱ्यांनी ते परत आणलं. अनरिअल इंजिनमधलं एखादं दृश्य म्हणजे एक भलीमोठी बायनरी फाइल. तिच्यात दोन कलाकारांनी दोन झाडं लावली तर ती जुळवणारा कोणी नाही. म्हणून गेम स्टुडिओंत 1995 सालचं परफोर्स अजून ठाण मांडून आहे, त्यात फाइलीच्या प्रकारातच ‘एका वेळी एकच’ असं लिहून ठेवता येतं. गिटवाल्यांनीही शेवटी 2017 मध्ये मोठ्या फायलींसाठीच्या गिट एलएफएस या जोडणीच्या 2.0 आवृत्तीबरोबर लॉक करायची, कुणी काय लॉक केलं आहे ते पाहायची आणि जबरदस्तीने सोडवायची आज्ञा आणली. यादीत फाइल, नाव, क्रमांक, सगळं नीट दिसतं.

लॉक करण्याजोग्या फायली एलएफएस ‘रीड ओन्ली’ करून ठेवतं, म्हणजे लॉक न घेता कुणी काम सुरू करू नये. कलाकार फाइल सेव्ह करायला जातो, ती होत नाही. तो फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन रीड ओन्लीची खूण काढतो, सेव्ह करतो आणि जेवणापर्यंत काम करत राहतो. दुपारी पुश करताना गिट सांगतं, की ही फाइल सकाळपासून शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या नावावर आहे. तोवर बाईंनीही त्याच दृश्यात एक नदी आणून सोडलेली असते. कुणाची झाडं ठेवायची नि कुणाची नदी बुजवायची, याची आज्ञा कुठल्याच व्हर्जन कंट्रोलमध्ये नाही. त्यासाठी चार वाजता मीटिंग लावली जाते, आणि मीटिंग रूम आधीच कुणीतरी बुक करून ठेवलेली असते.